निसटते औषध

नायट्रोग्लिसरिन हा तेलकट, रंगहीन किंवा किंचित पिवळसर द्रव आहे. पाण्याच्या दीडपटीहून थोडा अधिक जड, चवीला गोडसर आणि मागाहून चटका देणारा. त्याच्या रेणूत कार्बनचे ३, हायड्रोजनचे ५, नायट्रोजनचे ३ आणि ऑक्सिजनचे ९ अणू असतात. या पदार्थाच्या दहशतीचे मूळ त्या शेवटच्या आकड्यात आहे. लाकूड, कोळसा किंवा रॉकेल जळायचे तर हवेतला ऑक्सिजन लागतो, आणि हवा मिळेल तेवढ्याच बेताने ते जळतात. नायट्रोग्लिसरिनला हवेची वाट पाहावी लागत नाही. स्वतःतला कार्बन आणि हायड्रोजन पूर्ण जाळून थोडा शिल्लक राहील इतका ऑक्सिजन त्याच्या रेणूतच असतो. नायट्रोजनला बांधणारे दुबळे बंध तेवढे त्याला आवरून धरतात. धक्का बसला, घासले गेले किंवा ऊब वाढली की ते बंध तुटतात आणि द्रवाच्या जागी क्षणात तापलेला वायू उरतो. हा बदल पदार्थातून सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने पसरत जातो.

तोच पदार्थ अर्धा मिलिग्रॅम जिभेखाली ठेवला, तर अंजायनाची, म्हणजे हृदयाला रक्त अपुरे पडल्याने छातीत येणारी कळ दोन-तीन मिनिटांत ओसरू लागते. जिभेखालच्या पातळ आवरणातून तो थेट रक्तात उतरतो. पोटातून गेला असता तर यकृताने त्याचा बहुतेक भाग वाटेतच मोडून टाकला असता. रक्तवाहिन्यांच्या भिंतींत त्याच्यापासून नायट्रिक ऑक्साइड सुटतो, तिथले स्नायू सैल होतात, शिरा रुंदावतात, हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा लोंढा कमी होतो आणि दमलेल्या हृदयाचे ओझे हलके होते. नायट्रिक ऑक्साइडचे हे काम उलगडल्याबद्दल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे नायट्रेटचे बंध खाणीत खडक फोडतात, त्यांच्यातच हे औषधही आहे. एक काढून दुसरे ठेवता येत नाही, म्हणून हे औषध निर्धोक करून घेण्याचा रासायनिक मार्ग नाही. त्याला सांभाळतच वापरावे लागते.

सांभाळण्यातली खरी अडचण मात्र त्याच्या नुसत्या ताकदीत नाही. टीएनटी हेही जबर स्फोटक आहे, पण ते वितळवून साच्यात ओतता येते आणि साध्या धक्क्याला दाद देत नाही. नायट्रोग्लिसरिन जिथे ठेवावे तिथे राहत नाही. फटीतून पाझरते, लाकडात मुरते, थंडीत गोठते, कातडीतून अंगात शिरते, वाफ होऊन उडते, प्लास्टिकमध्ये जिरते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत त्याच्या हाताळणीचे जे शास्त्र उभे राहिले, ते जवळजवळ सगळे त्याला एका जागी धरून ठेवण्याचे शास्त्र आहे. कारखान्यात ते निसटले तर माणसे मरतात. रुग्णाच्या घरी ते निसटले तर बाटलीत नुसती साखर उरते, आणि तेही जिवावर बेतू शकते.

इटलीतल्या ट्युरिन शहरात १८४७ साली आस्कानिओ सोब्रेरो यांनी हा पदार्थ प्रथम तयार केला. त्या काळच्या रसायनज्ञांच्या रीतीप्रमाणे त्यांनी त्याचा अगदी लहानसा अंश जिभेला लावून पाहिला आणि तीव्र डोकेदुखी ओढवून घेतली. म्हणजे त्याचा औषधी गुण आणि त्याचा दुष्परिणाम दोन्ही पहिल्याच चाचणीत प्रकट झाले होते. फक्त ते वाचता येणारे कोणी नव्हते. सोब्रेरो यांना त्याच्या स्फोटक स्वभावाची धास्ती होती आणि ती त्यांनी लपवली नाही. आल्फ्रेड नोबेल यांनी पुढे त्याचा व्यापार उभा केला. ३ सप्टेंबर १८६४ रोजी स्टॉकहोमजवळच्या हेलेनेबोर्ग येथे झालेल्या स्फोटात त्यांचा धाकटा भाऊ एमिल आणि आणखी काही जण मारले गेले.

त्यानंतरची दोन-तीन वर्षे या पदार्थाच्या वाहतुकीच्या इतिहासातली सर्वांत काळी आहेत, आणि त्यांच्याकडे नीट पाहायला हवे, कारण आजचे बहुतेक नियम तिथूनच आले. एप्रिल १८६६ मध्ये पनामाच्या किनाऱ्यावर आस्पिनवॉल बंदरात ‘युरोपियन’ नावाची आगबोट फुटली. तिच्यात नायट्रोग्लिसरिनच्या पेट्या होत्या. त्याच महिन्यात १६ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये वेल्स फार्गो या वाहतूक कंपनीच्या कचेरीच्या आवारात एक गळकी पेटी तपासणीसाठी आणून ठेवली होती. तिच्यातून तेलासारखे काहीतरी झिरपत होते. आत काय आहे हे माहीत नसलेल्या माणसांनी ती हातोडी आणि छिन्नीने उघडायला घेतली. पंधरा जण दगावले. त्या माणसांचा दोष काय? पेटी गळत होती, म्हणून त्यांनी कोणत्याही गळक्या पेटीचे जे करतात तेच केले. पदार्थ पातळ होता, पेटीवर नीट सूचना नव्हती, आणि द्रव एकदा आपल्या डब्याबाहेर पडला की डब्यासाठी घेतलेली सगळी काळजी निरुपयोगी होते. ब्रिटनने १८६९ मध्ये नायट्रोग्लिसरिनसाठी वेगळा कायदा करून त्याची निर्मिती, आयात, विक्री आणि वाहतूक यांच्यावर कडक बंदी घातली.

यावर नोबेल यांचा उपाय होता तो द्रवाला घनाच्या स्वाधीन करण्याचा. कीझेलगूर ही सूक्ष्म शैवालांच्या कवचांपासून बनलेली सच्छिद्र माती. तीन भाग नायट्रोग्लिसरिन एक भाग मातीत मुरवले की मळलेल्या कणकेसारखा घट्ट पदार्थ होतो. तो वाहून नेता येतो, कांडीच्या आकारात वळता येतो. १८६७ मध्ये पेटंट घेतलेला हा डायनामाइट. पण तोही पुरता भरवशाचा नव्हता. जुन्या कांड्यांतून तेल पुन्हा घामासारखे बाहेर येई. शुद्ध नायट्रोग्लिसरिन सुमारे १३ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे थंड देशांत कांड्या गोठत आणि त्या ऊब देऊन सैल करताना खाणकामगार मरत.

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या आर्डीर येथे नोबेल यांच्या ब्रिटिश कंपनीचा कारखाना १८७३ मध्ये सुरू झाला. जागा निवडली ती वाळूच्या टेकड्यांची. प्रत्येक धोक्याची इमारत दुसरीपासून दूर, हलक्या लाकडाची, आणि भोवती वाळूचे बांध; एक उडाली तर स्फोटाचा धक्का वर जावा, शेजारच्या इमारतीवर नव्हे. आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती होई, काड्यापेटी आणि धातूची वस्तू बाहेर राही, पायात खिळे नसलेले जोडे असत. ज्या टेकाडावरच्या इमारतीत ग्लिसरिन आणि आम्ले एकत्र येत, तिथे एक माणूस बसून फक्त तापमापकाकडे पाहत असे. ही क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, आणि पारा ठरलेल्या रेषेपलीकडे चढू लागला तर सगळा घाणा खालच्या पाण्याच्या हौदात सोडून द्यायचा, एवढाच निर्णय त्याला घ्यायचा असे. त्याला बसायला एका पायाचे स्टूल दिलेले होते. डुलकी लागली की तोल जाणार आणि जाग येणार. कामगाराच्या अंगालाच सुरक्षेचा भाग बनवणारी ही योजना क्रूर वाटू शकते, पण त्या काळी तिच्याइतके भरवशाचे दुसरे काही नव्हते. पुढे विसाव्या शतकात मोठ्या घाण्यांच्या जागी सतत चालणाऱ्या पद्धती आल्या. त्यांत कोणत्याही क्षणी यंत्रात थोडेसेच नायट्रोग्लिसरिन असते आणि माणसे भिंतीपलीकडून नियंत्रण करतात. साठा लहान ठेवणे, म्हणजे निसटले तरी थोडेच निसटेल अशी सोय करणे, ही या क्षेत्रातली बहुधा सर्वांत शहाणी सुधारणा आहे.

न फुटताही हा पदार्थ कामगारांना गाठत होता. वाफ श्वासातून आणि तेल कातडीतून अंगात जाई, रक्तवाहिन्या रुंदावत आणि डोके ठणकू लागे. तीन-चार दिवसांत शरीराला सवय होई आणि दुखणे थांबे. रविवारची सुट्टी झाली की सवय मोडे आणि सोमवारी पुन्हा तेच. हा त्रास सोमवारचा आजार म्हणूनच ओळखला जाई. काही कामगार सवय टिकवण्यासाठी सुट्टीच्या दिवशीही टोपीच्या पट्टीत थोडा पदार्थ बाळगत. यातला खरा धोका उशिरा ध्यानात आला: रोज रुंदावलेल्या रक्तवाहिन्या सुट्टीत एकाएकी आकसत, आणि हृदयविकार नसलेल्या माणसांनाही छातीत कळ येई, काहींचा मृत्यूही ओढवे. आज अमेरिकेतल्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने कामाच्या जागेच्या हवेसाठी सुचवलेली अल्पकालीन मर्यादा घनमीटरला ०.१ मिलिग्रॅम आहे. हातमोजे, बंदिस्त यंत्रे आणि वाफ जागीच ओढून घेणारे पंखे हे औषधी कारखान्यातही लागतात ते याचसाठी. तिथल्या माणसाला स्फोटापेक्षा डोकेदुखी आणि रक्तदाब उतरून येणारी भोवळ गाठण्याची शक्यता कितीतरी जास्त.

औषध म्हणून त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉस्पिटलचे डॉक्टर विल्यम मरेल यांनी. टॉमस लॉडर ब्रंटन यांनी १८६७ मध्ये अंजायनासाठी अमिल नायट्राइटचा हुंगण्याचा उपचार मांडला होता. पण त्याचा परिणाम फार लवकर संपे. मरेल यांनी नायट्रोग्लिसरिनचे अल्कोहोलमधले १ टक्क्याचे द्रावण आधी स्वतःवर वापरून पाहिले, नाडीची धडधड टिपली, मग रुग्णांना दिले आणि १८७९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये आपले निष्कर्ष छापले. आयुष्याच्या अखेरीस नोबेल यांना हृदयविकार जडला तेव्हा त्यांच्या डॉक्टरांनी हेच औषध सुचवले. १८९६ च्या ऑक्टोबरमध्ये, मृत्यूच्या काही आठवडे आधी, त्यांनी एका पत्रात याचा उल्लेख केला आहे.

मरेल यांच्या त्या १ टक्क्यातच औषधी हाताळणीचे मुख्य सूत्र आहे. शुद्ध नायट्रोग्लिसरिन औषध कंपनीच्या दारात येतच नाही. ज्या मोजक्या कारखान्यांना स्फोटके हाताळण्याची सवय आणि परवाना आहे, तिथेच ते तयार होते आणि तिथेच लॅक्टोज, डेक्स्ट्रोज, अल्कोहोल किंवा प्रोपिलीन ग्लायकोल यांच्यात मिसळून बाहेर पडते. अमेरिकी औषधसंहितेत या मिश्रणाची वेगळी नोंद आहे आणि त्यात नायट्रोग्लिसरिन साधारणपणे १० टक्क्यांहून अधिक नसते. नोंदीबरोबरच्या इशाऱ्यात, हा पदार्थ मिश्रणातून वेगळा काढू नये, असे स्पष्ट बजावले आहे. औषधाला लागणारी मात्रा किती लहान आहे पाहा: अर्ध्या मिलिग्रॅमच्या हिशेबाने १ किलो नायट्रोग्लिसरिनमध्ये वीस लाख गोळ्या होतात. म्हणून दहा भागांतले नऊ भाग साखर वाहून नेण्याचा खर्च कोणाला जड वाटत नाही, आणि वाटूही नये.

मिश्रण कशात केले आहे यावर साठवणीची रीत ठरते. अल्कोहोलमधल्या द्रावणाचा धोका अल्कोहोल उडून जाण्यात आहे. झाकण सैल राहिले किंवा द्रावण फरशीवर सांडून सुकले, तर मागे उरते ते अधिकाधिक तीव्र तेल. म्हणजे ज्याच्या भरवशावर ते शांत होते तो सोबतीच निघून जातो. जुन्या औषधग्रंथांत सांडलेल्या द्रावणावर ताबडतोब पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे द्रावण ओतायला सांगितले आहे, कारण अल्कली त्या रेणूचे विघटन करते. पाण्याचा फडका फिरवून भागत नाही. नायट्रोग्लिसरिन पाण्यात जवळपास विरघळत नाही. लॅक्टोजमधली पूड यापेक्षा शांत, तरी तिला दळणे, घासणे, तापवणे वर्ज्य. दोन्हींना आम्ले, ऊन आणि ठिणगी यांच्यापासून दूर, थंड जागी, लहान लहान वाट्यांनी ठेवतात.

वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मिश्रण करून सौम्य करण्याची हीच पायरी आकड्यांनी बांधली आहे. पुरेसे शमवलेले नसलेले द्रव नायट्रोग्लिसरिन वाहून नेण्यास मनाई आहे. अल्कोहोलमध्ये १ टक्क्यापर्यंत असेल तर ते ज्वलनशील द्रव मानले जाते, ५ टक्क्यांपर्यंत विशेष बंधनांसह ज्वलनशील द्रवच, आणि त्यापुढे १० टक्क्यांपर्यंतचे द्रावण स्फोटकांच्या वर्गात जाऊ शकते. ५ टक्क्यांपर्यंतच्या द्रावणासाठी आवेष्टनाची ठरलेली रीत अशी: एक लिटरहून मोठा नसलेला धातूचा डबा, त्याच्या सर्व बाजूंनी द्रव शोषून घेणारे भरण, आणि बाहेर लाकडी खोका, ज्यात एकूण पाच लिटरहून अधिक द्रावण नसावे. सॅन फ्रान्सिस्कोच्या त्या गळक्या पेटीत नेमके जे नव्हते, ते सगळे यात आहे. भारतात १८८४ च्या स्फोटक कायद्यातल्या व्याख्येत बंदुकीच्या दारूपाठोपाठ नायट्रोग्लिसरिनचे नाव येते, आणि त्या कायद्याची अंमलबजावणी पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचे, पेसोचे, मुख्यालय नागपुरात आहे.

गोळी तयार झाली की स्फोटाची भीती संपते, पण निसटण्याची सवय कायम राहते. जुन्या पद्धतीच्या साच्यात घातलेल्या गोळ्यांत वाफ एका गोळीतून दुसरीत जाई. एकाच बाटलीतल्या काही गोळ्या तीव्र होत, काही पोकळ राहत, आणि कळ आली तेव्हा हाती कोणती येईल ते सांगता येत नसे. पोव्हिडोन किंवा पॉलिइथिलीन ग्लायकोल घालून हा प्रवास बराच रोखता आला. बाटलीच्या बाबतीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९७२ मध्ये नियम घातले: काचेची बाटली, धातूचे आटे असलेले झाकण, शंभरहून अधिक गोळ्या नाहीत. ब्रिटिश परंपरेतही झाकणाला आतून पातळ धातूचा पत्रा आणि बाटलीत कापसाचा बोळा नाही. इतर औषधांच्या बाटलीत तोंडाशी असणारा कापूस इथे चोरटा ठरतो, तो वाफ शोषून घेतो. प्लास्टिकची डबी, कागदाची पुडी, सोमवार ते रविवार असे कप्पे असलेला गोळ्यांचा डबा, यांपैकी काहीही चालत नाही. देवघरातला कापूर उडू नये म्हणून त्याच्या डबीत मिरे घालायची आणि झाकण घट्ट लावायची रीत घराघरांत आहे. या गोळ्यांना तीच दक्षता हवी, फक्त सोबत दुसरे काही न घालता. साध्या गोळ्यांची बाटली एकदा उघडली की आठ आठवड्यांनी ती टाकून नवी आणावी, असा ब्रिटनमधला दंडक आहे. स्थिर केलेल्या गोळ्यांना वेष्टनावरची मुदत लागू होते. गोळी जिभेला झोंबली म्हणजे ती ताजी, हा समज भरवशाचा नाही.

विदर्भातला उन्हाळा या औषधाला मुळीच मानवत नाही. २५ अंशांच्या आसपास ठेवायची बाटली चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांत उभ्या मोटारीच्या कप्प्यात राहिली, तर लेबलावरच्या तारखेला अर्थ उरत नाही. सदऱ्याच्या खिशात, अंगाला लागून बाळगणेही वाईटच, कारण अंगाची ऊब दिवसभर झाकण तपासत असते. पण जवळ बाळगणे तर अपरिहार्य. अशा वेळी बाटली अंगाबाहेरच्या पिशवीत ठेवावी, काढल्यावर झाकण लगेच घट्ट करावे आणि घरातल्या प्रत्येकाला ती कुठे आहे ते माहीत असावे. भारतात जिभेखाली ठेवायला याहून अधिक वापर होतो तो आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटचा. महाराष्ट्रात ‘सॉर्बिट्रेट’ हे नाव अनेक घरांत परिचित आहे. हा घन पदार्थ आहे, सहज उडत नाही, उष्ण प्रदेशात तो पसंत पडला तर नवल नाही. मात्र कच्चा माल म्हणून तोही स्फोटक कुळातलाच: वाहतुकीच्या नियमांत त्याच्या एका नोंदीला किमान ६० टक्के लॅक्टोज, मॅनोज, स्टार्च किंवा कॅल्शियम हायड्रोजन फॉस्फेट यांची सोबत अनिवार्य आहे.

गोळी बसून घ्यावी, कारण रक्तदाब उतरून उभा माणूस पडू शकतो. पाच मिनिटांत कळ कमी झाली नाही तर पुढच्या गोळीच्या भरवशावर न थांबता १०८ ला फोन करावा. सिल्डेनाफिलसारखी, लैंगिक दुर्बलतेवरची औषधे घेतलेल्या माणसाला ती देऊ नये; दोन्हींचा परिणाम एकत्र झाल्यास रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळतो. घरातला पुरुष संकोचाने हे सांगत नाही, म्हणून डॉक्टरांनी आणि औषध दुकानदाराने आपणहून विचारले पाहिजे.

रुग्णालयात हेच औषध शिरेतून देतात तेव्हा निसटण्याची जागा बदलते. पीव्हीसीच्या साध्या नळ्या एकूण मात्रेचा ४० ते ८० टक्के भाग शोषून घेऊ शकतात. म्हणून काचेची बाटली आणि पॉलिइथिलीनच्या नळ्या वापरतात. नळी बदलली तर मात्राही नव्याने बसवावी लागते, कारण आधी नळीत जिरणारे औषध आता रुग्णाच्या अंगात जाते. मलम लावणाऱ्या परिचारिकेने हातमोजे घालायचे, नाहीतर तिचेच डोके दुखते. छातीला चिकटवायच्या पट्टीमागे ॲल्युमिनियमचा थर असला तर हृदयाला विजेचा झटका देण्याआधी ती काढावी. त्या वेळी उडणारी ठिणगी धातूच्या थरामुळे असते, औषधामुळे नव्हे. वापरून झालेल्या पट्टीतही बरेच औषध शिल्लक राहते, त्यामुळे ती चिकट बाजू आत दुमडून मुलांच्या आणि पाळीव प्राण्यांच्या हाती लागणार नाही अशी टाकावी. फवाऱ्याच्या बाटलीत वाफ निसटण्याचा प्रश्न जवळपास नसतो, पण द्रावणात बहुधा अल्कोहोल असते. विस्तवाजवळ ती वापरू नये आणि रिकामी झाली तरी आगीत टाकू नये.

अर्ध्या मिलिग्रॅमच्या शंभर गोळ्यांच्या बाटलीत सगळे मिळून ५० मिलिग्रॅम नायट्रोग्लिसरिन असते, तेही साखरेत विखुरलेले. ते फुटू शकत नाही, आणि घरातल्या कोणी त्या भीतीने बाटली लांबच्या कपाटात ठेवू नये. मुदत संपलेली बाटली मात्र नव्या बाटलीशेजारी राहू देऊ नये. ती औषध दुकानात परत घेत असतील तर तिथे द्यावी, आणि नव्या बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहावी.